हजेरीपत्रकातली अठरा तारीख

लालबाग-परळच्या पट्ट्यातली एक बंद गिरणी पाडण्याआधी तिची छायाचित्रे काढायला आम्ही चौघे गेलो होतो. पाच सकाळींची परवानगी मिळाली होती. प्रत्यक्षात चारच मिळाल्या, आणि पाचवी का गेली हाच या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. गिरणीचे, माणसांचे आणि संस्थांचे नाव कुठेही दिलेले नाही. या कहाणीतल्या काही जणांचे घराचे अर्ज अजून निकाली निघालेले नाहीत, हे त्यामागचे मुख्य कारण.

पार्श्वभूमी

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली सूतगिरणी काढली. पुढच्या शंभर वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि वरळीपासून शिवडीपर्यंत गिरण्या, त्यांना चिकटून चाळी, चाळींना चिकटून खानावळी, तालमी, गावकरी मंडळांच्या खोल्या असे गिरणगाव उभे राहिले. नुसती गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही.

गिरण्यांच्या जमिनीचे पुढे काय झाले ते छायाचित्रे काढणाऱ्यालाही ठाऊक असावे लागते, कारण चौकटीत काय शिल्लक उरणार ते त्यावरच ठरते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे पुनर्विकास करताना गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त ज्या जमिनीवर बांधकाम नव्हते तेवढ्याच जमिनीला लागू झाले, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. कामगारांच्या वाट्याला येणारी जागा आक्रसली. म्हाडाने गिरणी कामगारांसाठी घरांच्या सोडती काढल्या, पण अर्ज होते पावणेदोन लाखांच्या घरात आणि घरे काही हजार. पात्रता एका तारखेवर टांगलेली: १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर तुम्ही कामावर होतात का, आणि ते दाखवणारा कागद तुमच्याकडे आहे का.

चाळीस वर्षांत त्या कागदाचे काय काय होते ते आमच्याकडे प्रत्येक घराला माहीत आहे. गावी पुरात गेला, चाळ दुरुस्तीला काढली तेव्हा ट्रंकेसकट हरवला, भावाने वाटणीत नेला. मी काळाचौकीला वाढले. माझे आजोबा दुसऱ्या एका गिरणीत विणाई खात्यात होते आणि त्यांचा पास आमच्या घरात देवाच्या फोटोमागे ठेवलेला असे.

आमच्यात एक ज्येष्ठ छायाचित्रकार होते, इमारतींच्या छायाचित्रणात तीस वर्षे घालवलेले. एक वास्तुविशारद होती, ती मोजमापे घेणार होती. पत्रकारिता शिकणारा एक विद्यार्थी होता. आणि मी, जी छायाचित्रण शिकवते. पैसे कुणाचेच नव्हते. हेतू एवढाच होता की पाडकामाआधी गिरणीची नीट, मापात, सगळ्या बाजूंनी नोंद व्हावी. परवानगीच्या पत्रात ‘वास्तूची छायाचित्रे’ असे शब्द होते. त्या दोन शब्दांकडे आम्ही तेव्हा पुरेसे लक्ष दिले नाही.

पहिले दोन दिवस

सूतखात्याची शेड म्हणजे करवतीच्या दातांसारखे छप्पर. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची, आणि ती उत्तरेकडे तोंड करून. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ उत्तरेकडून ऊन थेट आत येत नाही, त्यामुळे दिवसभर एकसारखा, सावली न पाडणारा उजेड मिळतो. तुटलेला धागा दिसायला तसाच उजेड लागतो.

पहिल्या सकाळी आम्हाला मात्र वेगळेच दिसले. छपराचे पत्रे जिथे उडाले होते तिथून उन्हाचे झोत उतरत होते, धूळ त्यांत तरंगत होती, खांबांच्या रांगा दूरवर विरत गेल्या होत्या. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तिकाटणे (ट्रायपॉड) लावले आणि तीन तास त्या झोतांवरच घालवले. उजळ काच आणि काळोखे कोपरे एका चित्रात मावत नाहीत, म्हणून प्रत्येक चौकट कमी-जास्त प्रकाशाच्या पाच पायऱ्यांत टिपली. ते काम उत्तम होते, हे मी आजही म्हणेन. बर्न्ट आणि हिला बेशर या जर्मन जोडप्याने कारखाने, पाण्याच्या टाक्या, भट्ट्या जशा समोरून, ढगाळ उजेडात, माणसाविना टिपल्या तसे काहीतरी आमच्या ज्येष्ठांच्या मनात होते, आणि बाहेरच्या भिंतींबाबत त्यांनी ते साधलेही. काळ्या दगडाची भिंत, विटांची चिमणी, उभ्या रेषा अगदी उभ्या.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या चाळीतल्या एका काकांना बोलावले. मूळचे पाटण तालुक्यातले, वय सत्तरीच्या पुढे. आधी सहा वर्षे बदली, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, मग रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, कायम. वॉचमनने रजिस्टरमध्ये त्यांचे नाव लिहून आत सोडले. काका शेडच्या मधोमध उभे राहिले, वर पाहिले आणि म्हणाले, “आमच्या येळंला असा उजेड कधीच न्हवता गं पोरी. ह्ये तर छप्पर फुटल्यालं हाय.”

आम्ही सकाळभर टिपत होतो तो उजेड म्हणजे गिरणीची जखम होती. गिरणी चालू असताना तो तिथे नव्हता, नसायलाच हवा होता.

मग काका चालत गेले. खांब मोजत, तोंडाने आकडे म्हणत. यंत्रे कधीच भंगारात गेली होती. फरशीत उरले होते ते बोल्टांचे खड्डे आणि तेलाचे लांबट काळे डाग. आमच्या आदल्या दिवसाच्या चित्रांत ते डाग म्हणजे फक्त पोत होता. काकांनी सांगितले: हा साचा, म्हणजे यंत्र, ही साच्याभोवतीची गल्ली, इथे भरलेल्या बॉबिन काढणारी डॉफर पोरे ढकलगाडी घेऊन उभी राहायची, हा खांब सावली द्यायचा म्हणून जॉबर, म्हणजे मुकादम, इथे टेकायचा. वास्तुविशारद मैत्रीण नकाशावर ते सगळे उतरवत गेली. तासाभरात रिकाम्या शेडला पत्ते मिळाले.

त्यांचे छायाचित्र काढायची ज्येष्ठांची फार इच्छा होती, तिथेच, तेलाच्या डागावर उकिडवे बसलेले. काका नको म्हणाले. त्यांना पुन्हा, इस्त्रीचा शर्ट घालून यायचे होते आणि फोटो फाटकाबाहेर, उभ्याने हवा होता. तो नंतर तसा काढला. त्या दिवशी निघताना त्यांनी सहज विचारले, “टायम हापीस बघितलं का?”

अडचण

टाइम ऑफिस, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवायची जागा, फाटकाच्या डाव्या हाताला, पोटमाळ्याची दोन खोल्यांची इमारत. आमच्या यादीत ती ‘किरकोळ बांधकाम’ म्हणून सर्वांत शेवटी होती. त्याच दिवशी बारा वाजता आम्ही तिचे दार ढकलले. आत लोखंडी मांडण्या आणि मांडण्यांवर हजेरीपत्रके, जाड पुठ्ठ्यांची, एकाला एक टेकून. वरच्या फळ्यांवरची कोरडी, कसरीने खाल्लेली पण उघडणारी. खालच्या दोन फळ्यांवर वर्षानुवर्षे पावसाचे पाणी झिरपलेले. तिथली पत्रके फुगून एकमेकांना चिकटली होती, बुरशीने पांढरी पडली होती.

काकांनी एक उघडले. महिना जानेवारी १९८२. तिकीट नंबर (कामगाराचा क्रमांक), नाव, खाते आणि पुढे एकतीस चौकोन. नावे इंग्रजीत, कारकुनाच्या कानाला ऐकू आली तशी. १६ तारखेपर्यंत चौकोन भरलेले. १७ ला रविवार. १८ पासून पुढे ओळीच्या ओळी कोऱ्या, पानामागून पान. काकांनी त्या कोऱ्या चौकोनांवरून बोट फिरवले. “हितनं म्होरं आमचं कुनी काय लिवलंच न्हाई.”

सोमवारी, म्हणजे पाच दिवस संपल्यावर, पाडकाम होते. ठेकेदाराच्या लेखी हे सगळे रद्दी.

आम्ही वास्तू टिपायला आलो होतो. आमचे पत्र वास्तूपुरते होते. पण ज्या एका तारखेवर हजारो माणसांचा हक्क ठरतो, त्या तारखेच्या अलीकडचे-पलीकडचे कागद आमच्यासमोर होते, आणि तीन सकाळी उरल्या होत्या.

कोणते रस्ते होते

त्या संध्याकाळी भारतमाता सिनेमाजवळच्या एका हॉटेलात आम्ही बसलो. काकाही होते. दोन तास चर्चा झाली आणि ती सोपी नव्हती.

विद्यार्थ्याचे म्हणणे होते की टेम्पो आणावा आणि रात्रीत सगळे बाहेर काढावे. त्याच्या तळमळीबद्दल मला शंका नव्हती. पण ती चोरी ठरली असती, वॉचमनची नोकरी गेली असती, आणि मुख्य म्हणजे असे बाहेर आलेले पत्रक उद्या कुणी खरे मानले नसते. कागद कुठे होता, कुणी हलवला, हे सांगता आले नाही तर त्याचे वजन जाते.

दुसरा रस्ता कामगार संघटनेला कळवण्याचा. माझा कल तिकडे होता. काकांनीच थांबवले. सकाळी फाटकावर दोनशे माणसे जमतील, मालक कुलूप घालेल आणि आतले आत रद्दी जाईल, असे ते म्हणाले. या भागातली फाटके त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिली होती, म्हणून मी गप्प बसले. ते बरोबर होते की नाही ते आता कळायला मार्ग नाही.

राज्य पुराभिलेखागाराला पत्र लिहिता आले असते. फोर्टमध्ये एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत त्यांचे काम चालते. पण खासगी गिरणीचे कागद तीन दिवसांत ताब्यात घेणे कुठल्याही सरकारी दफ्तराला जमणारे नव्हते. पत्र आम्ही लिहिले, त्याच रात्री. त्यावर विसंबलो नाही एवढेच.

ज्येष्ठांचे मत होते की आपण ठरलेले काम पुरे करावे. शेडची दक्षिण बाजू, बॉयलर हाउस, चिमणीचा पाया अजून राहिले होते. “इमारत परत दिसणार नाही,” ते म्हणाले. त्यावर वास्तुविशारद मैत्रिणीने विचारले, “आणि पत्रकं दिसतील?” तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत.

शेवटी ठरले ते असे. पत्रके जागेवरून हलवायची नाहीत, तिथल्या तिथे पानापानाचे छायाचित्र घ्यायचे. दोघे पत्रकांवर, दोघे उरलेल्या इमारतींवर. आणि जागेच्या व्यवस्थापकाला सांगून करायचे, लपून नाही.

इथे एक निर्णय निसटता झाला. व्यवस्थापकाला फोन मी केला. तो म्हणाला, “कागदांचं काय करायचं ते करा, बाहेर काही नेऊ नका.” मला तेवढे पुरेसे वाटले. मी ते लेखी मागितले नाही. लेखी मागितले तर तो विचार करायला लागेल आणि नाही म्हणेल, ही भीती होती. ती खरी ठरण्याची शक्यता बरीच होती, आणि तरीही मागायला हवे होते, असे मी आज म्हणते. नकार आला असता तर तो तिसऱ्या दिवशी आला असता आणि निदान आम्हाला संघटनेकडे जायला दोन दिवस मिळाले असते.

काय केले

टाइम ऑफिसमध्ये वीज नव्हती. एका खिडकीचा उजेड घेतला आणि समोरच्या बाजूने थर्मोकोलचा पांढरा तक्ता लावून तो पानावर परतवला. कॅमेरा तिकाटण्याच्या आडव्या दांडीवर, खाली तोंड करून. कॅमेरा पानाला समांतर आहे की नाही हे पाहायची सोपी युक्ती आहे: पानावर लहान सपाट आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून पाहायचे. भिंगाचे प्रतिबिंब बरोबर मध्यावर दिसले की समांतर. ५० मिलिमीटरचे मॅक्रो भिंग, छिद्र एफ ८, आयएसओ २००, पाव सेकंद, आणि बटणाला हात न लावता दूरून ट्रिगर. प्रत्येक पत्रकाचे पहिले चित्र पुठ्ठ्याचे, दुसरे कण्यावरच्या चिठ्ठीचे, मग पाने क्रमाने. कोरी पानेही सोडायची नाहीत, कारण एखादे पान वगळले की क्रमाबद्दल शंका घ्यायला जागा होते. प्रत्येक चौकटीत मोजपट्टी. रोज दुपारी दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत, आणि त्या दोन वेगळ्या घरांत.

मिनिटाला दोन पाने, त्याहून जलद जमत नव्हते. बुरशीमुळे सगळ्यांच्या तोंडाला मास्क होता.

ओल्या पत्रकांसाठी मी ओळखीच्या एका कागद-संवर्धक बाईंना फोन केला. त्यांनी बजावले: ओढून उघडू नका, उन्हात ठेवू नका, उभी करून वाऱ्याला ठेवा, जमेल तिथे टिपकागद सरकवा, दोन दिवसांनी पाने सुटायला लागतील. म्हणून तिसऱ्या दिवशी आम्ही ओली पत्रके खालच्या फळीवरून उचलून त्याच खोलीत खिडकीखाली उभी केली आणि कोरड्यांना हात घातला. ओली पाचव्या दिवशी, असा हिशेब.

तांत्रिक दृष्टीने तो सल्ला योग्य होता. पण ओल्या गठ्ठ्यात काय आहे हे आम्ही पाहिलेच नाही. पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या पुसट झाल्या होत्या, बॅटरी तिरपी धरली तर वाचता आल्या असत्या. चौथ्या दिवशी दुपारी, आवराआवर करताना, काकांच्या चाळीतल्या एक मावशी फाटकाशी आल्या. त्या वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात, होत्या. गिरण्यांत बायका असत त्या प्रामुख्याने वाइंडिंग आणि रिलिंग (सुताच्या लडी करणे) या खात्यांत. रात्रपाळीला बायकांना मनाई होती, त्यामुळे तीन पाळ्या आल्या तशा त्यांच्या जागा कमी होत गेल्या आणि संपानंतर तर त्यांची गणतीच राहिली नाही. मावशींनी विचारले, “रिंग खात्याचं सापडलं म्हणतात. आमचं खातं कुठाय?”

मी परत आत गेले, बॅटरी तिरपी धरली. खिडकीखाली उभ्या केलेल्या ओल्या पत्रकांपैकी तिनांवर वाइंडिंग लिहिलेले होते.

मी मावशींना सांगितले, उद्या सकाळी पहिले तेच घेऊ.

चौथी रात्र

त्या रात्री विद्यार्थ्याने जानेवारी १९८२ चे ते कोरे पान आपल्या इन्स्टाग्रामवर टाकले. सोबत दोन ओळी, मनापासून लिहिलेल्या. पान खरोखरच काळजाला भिडणारे होते. पण त्यावर वीसेक माणसांची पूर्ण नावे आणि तिकीट नंबर स्पष्ट दिसत होते, आणि खाली त्याने परिसराचे नाव लिहिले होते. मध्यरात्रीपर्यंत ते लालबागच्या निम्म्या ग्रुपांवर फिरत होते.

पाचव्या सकाळी आठ वाजता फाटकाला दुसरा वॉचमन होता. परवानगी रद्द. कागदांविषयी पत्रात काही नव्हते, हे आम्हाला ऐकवण्यात आले आणि ते खरेच होते. मी व्यवस्थापकाच्या फोनवरच्या बोलण्याचा दाखला दिला. त्याला तसे काही आठवत नव्हते. आधीच्या वॉचमनदादांची ड्युटी शहराबाहेरच्या दुसऱ्या साइटवर लावली होती. नऊपर्यंत तीस-चाळीस माजी कामगार जमले, मग संघटनेचे लोक आले, मग पोलीस. काकांनी सांगितलेले सगळे तसेच घडले, फक्त आमच्यामुळे.

सोमवारी टाइम ऑफिस पहिल्या तासात पाडले. मी रस्त्याच्या पलीकडे उभी होते.

विद्यार्थ्यावर सगळा दोष टाकणे सोपे होते आणि पहिले दोन दिवस आमच्यातल्या काहींनी तो टाकलाही. पण काय बाहेर जायचे, कधी, कुणी ठरवायचे, याचा एक शब्दही आम्ही त्या हॉटेलातल्या दोन तासांत बोललो नव्हतो. पानांवर माणसांची नावे आहेत हे आम्हा चौघांनाही दिसत होते. आम्ही कागद वाचवण्याचा विचार केला, कागदावरच्या माणसांची परवानगी हा विषय कुणाच्या मनातही आला नाही. तेवीस वर्षांच्या मुलाने तो एकट्याने करावा ही अपेक्षा चुकीची होती.

हाती काय लागले

नऊ कोरडी पत्रके पूर्ण, एक अर्धे. सातशेहून थोडी जास्त चित्रे. बहुतेक रिंग खाते आणि बदली कामगारांची दोन. शेडची आणि बाहेरच्या भिंतींची चित्रे जवळपास पुरी, बॉयलर हाउस अपुरे. काकांच्या सांगण्यावरून केलेला शेडचा नकाशा. वाइंडिंगचे एकही पान नाही.

पत्रकांची चित्रे कुठे ठेवायची यावर पुढचे दोन महिने गेले. इंटरनेटवर टाकायची नाहीत हे आता कुणाला सांगावे लागले नाही. नाव आणि तिकीट नंबर मिळाला की खोटा वारस उभा करणारे दलाल या धंद्यात आहेत, हे चाळीतल्या लोकांनीच आम्हाला सांगितले. शेवटी एक प्रत गावकरी मंडळाच्या कपाटात, एक वास्तुविशारद मैत्रिणीकडे. ज्याचे नाव आहे त्याला, किंवा त्याच्या घरच्यांना, ओळख पटवून फक्त त्याचे पान छापून द्यायचे. मंडळाचे दोन जण दर दुसऱ्या रविवारी बसतात.

नुसत्या छायाचित्राला पुरावा म्हणून कुणी मानत नाही, हे प्रत्येकाला पान देताना आम्ही आधी सांगतो. तरी त्याचा उपयोग झालाच नाही असे नाही. एका काकूंच्या यजमानांचा तिकीट नंबर घरात सगळे चुकीचा सांगत होते, दोन आकडे उलटे. पानावर बरोबर नंबर मिळाला आणि त्यांनी भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात जुन्या खात्यासाठी नव्याने अर्ज केला. मी हे लिहीपर्यंत त्याचे उत्तर आलेले नाही. एका कुटुंबात आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग आधार कार्डापेक्षा वेगळे निघाले आणि निदान घोळ कशामुळे होतो आहे ते कळले.

इमारतींच्या चित्रांचे प्रदर्शन ज्येष्ठांनी दालनात करायचे ठरवले होते. ते त्यांनी स्वतःहून बदलले. चाळीच्या पटांगणात दोऱ्या बांधून छापील चित्रे टांगली, खाली स्केचपेने ठेवली आणि लोकांना चित्रांवरच लिहायला सांगितले. तीस वर्षे काचेमागे काम मांडलेल्या माणसाला ते जड गेले असणार, पण ते दोन्ही दिवस तिथे उभे होते. उन्हाच्या झोतांच्या त्या सुंदर चित्रावर कुणीतरी बाण काढून लिहिले, ‘इथे पत्रा उडाला १९८९, पावसात’. दुसऱ्यावर एक अख्खी रांग नावे. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचा महापालिकेचा प्रकल्प आहे. त्यांना या लिहिलेल्या प्रती देण्याबद्दल मंडळात चर्चा चालू आहे. नकाशा नक्की द्यायचा, पत्रके नाही, इथपर्यंत एकमत झाले आहे.

वॉचमनदादांना आम्ही नंतर शोधून भेटलो. पगार तेवढाच राहिला होता, पण रोजचा दीड तासाचा प्रवास वाढला होता. आम्ही माफी मागितली. त्यांनी चहा पाजला आणि विषय बदलला.

पुन्हा करायचे झाले तर

परिसर माहीत असलेल्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी बोलावले. पहिल्याच सकाळी, कॅमेरा पिशवीतून काढण्याआधी, न्यायला हवे होते. काकांनी टाइम ऑफिसचे नाव पहिल्या तासात घेतले असते आणि आम्हाला जवळजवळ दोन दिवस जास्त मिळाले असते. आणि एकटे काकाच नव्हेत. रिंग खात्याचा पुरुष रिंग खातेच दाखवणार. मावशींना पहिल्या दिवशी कुणी विचारले नाही, मीही नाही, आणि मी त्याच भागात वाढलेली.

ओला गठ्ठा थांबवून ठेवण्याआधी त्याचे निदान पुठ्ठे टिपून घ्यायला हवे होते. अर्ध्या तासाचे काम. पुठ्ठे वाचले असते तर चिकटलेल्या पानांपैकी सुटतील तेवढी चौथ्या दिवशीच घेतली असती, फाटली असती तरी.

कागद सापडताच कॅमेऱ्यातले कार्ड एकाच्या हवाली करायचे, आणि नाव दिसेल असे एकही चित्र चौघांच्या होकाराशिवाय फोनवर घ्यायचे नाही. आता आमच्या कुठल्याही कामात हे पहिल्या दिवशी कागदावर लिहून चौघे सह्या करतो. विद्यार्थी अजून आमच्यासोबत आहे, आणि हा कागद त्यानेच लिहिला आहे.

संघटनेला पहिल्याच संध्याकाळी सांगायला हवे होते का, यावर आमचे आजही एकमत नाही. ज्येष्ठ म्हणतात, तसे केले असते तर सातशे पानेही मिळाली नसती. मला वाटते, शंभर माणसांनी मिळून मागितलेला कागद आणि चौघांनी हळूच टिपलेला कागद यांत फरक असतो, आणि तो फरक पुढे कोर्टात दिसतो. काका कुणाचीच बाजू घेत नाहीत.

वाइंडिंगची यादी आता वेगळ्या वहीत चालू आहे. मावशी आठवून सांगतात आणि मी लिहून घेते: नाव, गाव, कितवा साचा, कुठल्या चाळीत राहायची. त्यांच्याबरोबरच्या दोघी अजून आहेत, एक शिवडीला, एक गावी चिपळूणकडे. तिकडे फोन लावून नावे पडताळतो. वहीत शेवटचा रकाना आहे ‘कशावरून’. रिंग खात्याच्या वहीत त्या रकान्यात पत्रकाचा आणि पानाचा क्रमांक असतो. या वहीत प्रत्येक ओळीला ‘तोंडी’ असे लिहिलेले आहे. आजपर्यंत त्रेसष्ट ओळी झाल्या आहेत.